पाठमोरं दान

१

लग्न होऊन नीरजा नगरहून खडकीला आली, तेव्हा नव्या सुनेची परीक्षा स्वयंपाकघरात होते अशी तिची समजूत होती. तशी ती तयारीही करून आली होती. पण दुसऱ्याच आठवड्यात आप्पासाहेब भिंगारदिवे, म्हणजे तिचे सासरे, जेवण झाल्यावर चष्मा पुसत म्हणाले, "सूनबाई, तुम्ही इतिहासात बी.ए. ना? त्या इतिहासाचा काही उपयोग आहे, की तो नुसता स्थळ बघताना सांगायला होता?"

"सांगायला तर होताच," नीरजा हळूच म्हणाली. "पण अजून शिल्लक आहे थोडा."

आप्पासाहेब कारखान्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले आणि बाजारामागच्या दगडी देवळाचे सेक्रेटरी. इथली ख्रिस्ती मंडळी आपल्या चर्चला देऊळच म्हणत. गोऱ्या पलटणीसाठी बांधलेलं ते देऊळ पलटण गेल्यावर देशी मंडळीकडे आलं होतं, आणि येत्या नाताळात, म्हणजे एकोणीसशे बासष्टच्या, त्याला शंभर वर्षं पुरी होणार होती. स्मरणिका काढायची होती.

"पाद्री आणि कर्नल यांच्यावर पुष्कळ लिहून झालंय," आप्पासाहेब म्हणाले. "आपण साध्या माणसांवर लिहू. घंटा वाजवणारे, झाडलोट करणारे. आणि एक प्रकरण आपल्या दानधर्मावर. तसं दान अख्ख्या पुण्यात कुठे होत नाही."

नीरजाला मनापासून आनंद झाला. दुपारची भांडी आवरली की ती देवळाच्या दप्तराच्या खोलीत जाऊन बसू लागली. पण आठवड्याभरातच तिच्या आनंदावर विरजण पडलं. देणाऱ्यांची नावं दप्तरात तर होतीच, वर भिंतींवर पितळी पाट्यांतही होती. कोणाची बायको, कोणत्या तुकडीचा नवरा, सगळं. घेणाऱ्यांसमोर मात्र शंभर वर्षं एकच मजकूर. 'एक गरीब बाई.' खाली पुन्हा, 'एक गरीब बाई.' जणू एकच बाई शंभर वर्षं येत होती आणि तिला नाव विचारायला कोणाला सवडच झाली नव्हती.

"अहो, तुमच्या मंडळीत गरिबांना बारसं नसतं का?" तिनं रात्री नवऱ्याला विचारलं.

शरच्चंद्र हसला. "आप्पांना विचार की."

"विचारीन," नीरजा म्हणाली. ती हसली नाही.

२

दान व्हायचं ते देवळाच्या मागच्या खोलीत. आप्पासाहेबांनी स्वतः नेऊन ती दाखवली. लांबट खोली, उंच छत, खिडकी एकच आणि तीही छताजवळ. दोन दारं. एक देवळाच्या बाजूचं, देणाऱ्यांचं. दुसरं बाजाराच्या बाजूचं, घेणाऱ्यांचं. मधे एक लांब टेबल.

"महिन्याच्या पहिल्या रविवारी, उपासना सुटली की बायका मागच्या दारानं येतात," आप्पासाहेब सांगू लागले. आवाजात अभिमान मावत नव्हता. "या भिंतीकडे तोंड करून ओळीनं उभ्या राहतात. हात असे मागे, तळवे वर. मग पुढच्या दारानं देणारा येतो, प्रत्येकीच्या हातावर पिशवी ठेवतो आणि जातो. घंटा झाली की बायका परततात. देणाऱ्याला घेणाऱ्याचं तोंड दिसत नाही, घेणाऱ्याला देणाऱ्याचं नाही. लाज नाही, मिरवणं नाही. गेल्या वर्षी पुरानंतर पेठांमध्ये काय झालं, ऐकलंत ना? एक चादर द्यायची आणि चौघांनी फोटोत उभं राहायचं."

"पण आप्पा, भिंतीकडे तोंड फक्त बायकांनीच करायचं?"

"म्हणजे?"

"देणाऱ्यांनी का नाही करायचं?"

आप्पासाहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं पोळीला कात्री लावली होती. "देणाऱ्यानं भिंतीकडे तोंड केलं तर पिशवी कोणाच्या हातावर ठेवणार, सूनबाई?"

नीरजा भिंतीजवळ गेली. पांढऱ्या चुन्यावर एका ओळीत काळपट, तेलकट डाग होते. काही तिच्या कपाळाच्या उंचीवर, काही थोडे खाली. टोकाला एक तर तिच्या कमरेएवढ्या उंचीवर होता.

"हे काय आहे?"

"ओल."

"ओल जमिनीकडून वर चढते. ही कपाळाशी सुरू झालीय."

"मग डोक्याचं तेल असेल," आप्पासाहेब त्रासून म्हणाले. "अनंता दर ईस्टरला चुना लावतो. धरत नाही. लिहिण्यासारखं इथं पुष्कळ आहे, डागच कशाला?"

तो कमरेएवढा डाग कोणाचा, हे तिनं विचारलं नाही. तेवढ्या उंचीच्या मुलालाही हात मागे करून उभं केलं होतं, एवढं भिंतच सांगत होती. संतापाच्या भरात ती तशीच बाहेर पडली. त्यामुळे टेबलाजवळचा वास तिला नंतर, घरी गेल्यावर आठवला. कांजीचा वास. नुकत्याच इस्त्री केलेल्या कापडाचा. त्या खोलीत कापड म्हणावं असं काहीच नव्हतं.

३

सोजरबाई बाजारातल्या एका बोळात राहायच्या. त्यांचा नवरा देवळात पंखा ओढायचा; विजेचे पंखे आले आणि त्याचं काम गेलं, मग वर्षभरात तोही गेला. आता त्या लष्करी शर्टांना काजं करून देत. डोळे अधू झाल्यापासून तेही कमीच. घरात विधवा लेक आणि तिची दोन मुलं. दानाचे गहू महिन्यातले निम्मे दिवस पुरत.

नीरजा पहिल्यांदा वही घेऊन गेली, तेव्हा सोजरबाई सुईत दोरा ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लिवणाऱ्या बाई आल्या. बसा. आमचं काय लिवणार? उठलो, राबलो, झोपलो."

"नाव लिहीन आधी," नीरजा म्हणाली.

सोजरबाईंनी मान वर केली. त्यानंतर त्या बोलत राहिल्या. पंखा ओढताना नवऱ्याला डुलकी लागली की गोरा सार्जंट दोरीला कसा झटका द्यायचा. बँडवाल्याची विधवा परदेशी जायला निघाली आणि स्टेशनवरून का परत आली. धोबीण मुक्ताबाई कोणत्या मडमेचे कपडे मुद्दाम उशिरा द्यायची. नीरजा हसत होती, लिहीत होती. मग तिनं भिंतीचं विचारलं.

"हां," सोजरबाई म्हणाल्या आणि दोरा दातानं तोडला. "ऱ्हातो उभ्या. त्यात काय."

"चीड नाही येत?"

"येती की. चिडीनं पोट भरत असतं तर गव्हाला कशाला गेले असते?"

"देतं कोण तुम्हाला?"

"मला मागं डोळं हायेत का? हात तेवढा कळतो. हातमोजा घातलेला. आधी आपला तळवा चाचपून बगतो."

"चाचपून?"

"घट्टे हायेत का ते. राबणारी हाय का फुकटी, ते बगत असतील. घट्टा गावला की पिशवी देत्यात. मऊ हात आसला तर तशीच उभी ऱ्हाती बाई, घंटा होईस्तोवर." सोजरबाईंनी आपला तळवा उताणा केला. तो पायताणाच्या तळासारखा दिसत होता. "आमी पास होतो दर वेळी."

नीरजानं वही मिटली. महिला मंडळाच्या अध्यक्षा प्रेमलाबाई तिच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. लोकरीची शाल, लवंग चघळणारं तोंड. या बाई हातमोजे घालून बायकांचे हात तपासतात!

"कधीपासून चाललंय हे?"

"मी नवरी हुते तवापासून त्योच हात हाय की."

"तोच कसा असेल, सोजरबाई? तेव्हा इंग्रज होते."

"इंग्रज गेलं. हात ऱ्हायला," सोजरबाई म्हणाल्या आणि पुढच्या काजाला लागल्या.

म्हातारं माणूस, नीरजानं स्वतःला समजावलं. चाळीस वर्षांपूर्वीचा हात कोणाला आठवतो? हातमोजा तेवढा तोच असेल. मडमा टाकून गेल्या असतील आणि प्रेमलाबाईंनी उचलला असेल. त्यांना बसेलही.

४

ती थेट प्रेमलाबाईंकडेच गेली. नव्या सुनेनं असं तणतणत कोणाकडे जाऊ नये, हे तिला दाराशी पोहोचल्यावर आठवलं. पण तोवर दार उघडलं होतं.

"मी? मी हात तपासते?" प्रेमलाबाई लवंग चघळायच्या थांबल्या. "अगं, आम्ही शनिवारी पिशव्या भरतो आणि टेबलावर ठेवून येतो. पुढचं सगळं अनंता बघतो. वाटणारा तो. आम्ही रविवारी तिकडे फिरकतसुद्धा नाही."

"कधीच नाही?"

"देणाऱ्यानं दिसायचं नसतं ना. मग जायचं कशाला?"

अनंता देवळाचा शिपाई. तो मेणबत्त्यांचे बुडखे खरवडत होता. नीरजाचा प्रश्न ऐकून तो दुखावलाच. "मी बाप्या माणूस, बायकांच्या हातांवर हात ठेवू? छे, बाई! मी पुढच्या दाराचं कुलूप काढतो आणि घंटेच्या दोराशी जाऊन उभा राहतो. प्रेमलाबाई येतात, वाटतात, जातात. मग मी घंटा करतो."

"प्रेमलाबाईंना येताना पाहिलंयत तुम्ही?"

"बघायचं नसतं. मी पाठ करून असतो."

"मग वाटून झालं हे तुम्हाला कळतं कसं?"

अनंतानं विचार केला. असा विचार त्यानं याआधी केला नसावा. हातातली सुरी तशीच राहिली. "दार लागतं," तो शेवटी म्हणाला. "आतून दार लोटल्याचा आवाज येतो. मग मी घंटा करतो."

संध्याकाळी तिनं आप्पासाहेबांना गाठलं. कारखान्याचा भोंगा नुकताच झाला होता आणि रस्त्यावरून सायकलींचा लोंढा चालला होता. त्या आवाजात तिला आपलं बोलणं वेडगळ वाटायला लागलं.

"आप्पा, प्रेमलाबाईंना वाटतं अनंता देतो. अनंताला वाटतं प्रेमलाबाई देतात. तुम्हाला काय वाटतं?"

"देवळाच्या पाळकसाहेबांची बायको देत असेल," आप्पासाहेब म्हणाले.

"पाळकसाहेबांचं लग्न झालेलं नाही."

"मग आधीच्या पाळकांची देत होती. कोणीतरी देतंच ना, सूनबाई? पिशव्या टेबलावर राहत नाहीत. बायका रिकाम्या हातांनी जात नाहीत. कोण देतं हे न विचारणं, हाच तर आपला नियम."

"इंग्रज गेल्यापासून हे काम कोणाला सोपवलंय, हे देवळाच्या कमिटीला ठाऊक नाही?"

"कमिटीला सगळं ठाऊक असतं," आप्पासाहेब म्हणाले. तेवढ्यावर विषय संपला, कारण त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

नीरजाला राग आला तो या सगळ्यांचा मिळून. पंधरा वर्षं. पंधरा वर्षं एकानंही त्या खोलीत डोकावून पाहिलं नव्हतं, आणि याला ही माणसं सभ्यता म्हणत होती. कोणीतरी बाई असेलच. मंडळीतली एखादी हौशी म्हातारी. हातमोजे घालून बायकांची लायकी ठरवायला मिळते, म्हणून गुपचूप येत असेल. एवढं सरळ उत्तर होतं. तरी रात्री शेजारी शरच्चंद्र घोरत असताना तिनं आपले दोन्ही हात पांघरुणात ओढून घेतले.

५

प्रकरण तिनं लिहिलं. सोजरबाईंचं पूर्ण नाव घालून, मुक्ताबाईचं घालून, भिंतीवरच्या डागांसकट. 'या दानात चेहरा लपवला गेला तो घेणाऱ्यांचा,' असं तिनं लिहिलं. आप्पासाहेबांनी कागद वाचले, नीट घडी केली आणि परत दिले.

"हे छापता येणार नाही."

"यात खोटं काय आहे?"

"खोटं कशाला असायला हवं? लग्नात वाढताना कोणी ताट किती दिवसांनी घासलं ते सांगतं का? शंभराव्या वर्षाचा समारंभ आहे. त्या दिवशी दान जुन्या पद्धतीनंच होईल, पाहुण्यांसमोर. बायका भिंतीशी उभ्या राहतील. फोटो पाठीमागूनच काढणार आहोत, म्हणजे कोणाला लाज नको."

"लाज त्यांना नाहीच वाटायची, आप्पा," नीरजा म्हणाली. आवाज चढलेला तिचा तिलाच ऐकू आला. आतल्या खोलीत सासूबाईंच्या हातातला डबा खाली ठेवल्याचा आवाज झाला. "वाटायची तर आपल्याला वाटायला हवी."

 दुसऱ्या दिवशी दुपारी ती दानाच्या खोलीत गेली. रागाला एक जागा हवी होती आणि ही तिला बरोबर वाटली.

खोली थंड होती. उन्हाचा एक तुकडा छताजवळ अडकून राहिला होता. ती भिंतीसमोर उभी राहून डागांकडे बघत होती. माणूस इथे उभं राहिलं की काय दिसतं, ते लिहायचं होतं. काहीच दिसत नव्हतं. चुना; चुन्यातली एक भेग. समोर बघण्यासारखं काही नसलं की कान पाठीमागे जातात, हे तिच्या लक्षात आलं. बाजारातून कोणाची तरी हाक आली. मालगाडी पुलावरून गेली. मग ते आवाज विरले आणि खोलीत कापड सळसळलं. कडक कांजी केलेलं, जमिनीपर्यंत पोहोचणारं कापड. जरासंच. कोणीतरी एका पायावरचा भार दुसऱ्यावर घ्यावा, तसं.

नीरजा वळली. टेबल होतं. पुढचं दार बंद होतं, पलीकडून कुलूप लावलेलं. उंदीर, ती मनाशी म्हणाली. जुन्या पुड्यांचे कागद असतील कुठेतरी.

मग तिला आपले हात दिसले नाहीत. ते पाठीमागे होते. तळवे वर केलेले. ते कधी मागे गेले, तिला आठवेना.

ती तिथून निघाली ती सरळ सोजरबाईंच्या दारात.

"या रविवारी वळा," ती म्हणाली. धाप लागली होती. "सगळ्याजणी वळा. मी तुमच्याबरोबर ओळीत उभी राहीन. जी कोण बाई आहे तिचं तोंड बघू. मग बघतेच, पाठीमागून फोटो कसे छापतात ते."

"आन् गहू?"

"गहू मी मागून घेईन. कमिटीसमोर उभी राहून मागेन."

सोजरबाईंनी सुई शर्टात टोचून ठेवली. "आमी वळलो आन् पिशवी बंद झाली, तर माझी नातवंडं तुमच्या दारात आणून बशिवणार बगा."

"बसवा."

"तुमचं सासरं काय म्हणतील?"

"सासऱ्यांचं काय म्हणायचं ते म्हणून झालंय," नीरजा म्हणाली. "आधी मी वळते. मी सांगितलं की तुम्ही वळा."

"बरं," सोजरबाई म्हणाल्या. त्यांनी सुई पुन्हा हातात घेतली.

६

रविवारी उपासना सुटल्यावर नीरजा डोक्यावर पदर घेऊन मागच्या दारानं आत गेली. बायका आधीच ओळीत लागल्या होत्या. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. प्रत्येकीचा डाग ठरलेला होता. सोजरबाईंनी आपल्या अलीकडची जागा कोपरानं दाखवली, आणि नीरजा तिथे जाऊन उभी राहिली. हात मागे केले. बाहेर चक्क दुपार होती. बोळात कोणीतरी बर्फाच्या गोळ्याची गाडी ढकलत नेत होतं.

पलीकडे अनंतानं कुलूप काढल्याचा आवाज आला. त्याची पावलं घंटेकडे गेली.

मग दार उघडलं नाही. नीरजा त्याचीच वाट बघत होती. दार उघडेल, मग पावलं येतील, मग वळायचं. दार उघडलंच नाही आणि ओळीच्या टोकाला पिशवी हातावर पडल्याचा जड, मऊ आवाज झाला. टोकाची बाई मोठ्यानं म्हणाली, "उपकार आहेत."

कापड सळसळलं. पुढची. पिशवी. "उपकार आहेत."

नीरजाला संताप आठवायचा होता. तो होता, पण जरा लांब, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. कांजीचा वास अगदी जवळ आला. सळसळ तिच्या पाठीमागे थांबली आणि तिच्या तळव्यांवर हात आला.

हातमोजा सुती होता. आत ऊब नव्हती. बोटं तिच्या तळव्यांवरून फिरली, मऊ मांसावर थांबली, नापसंतीनं दाबून बघू लागली. नीरजाचे दात एकमेकांवर आवळले गेले. मग ती बोटं तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाशी आली, जिथे इतक्या वर्षांच्या लेखणीनं एक लहानसा घट्टा पाडला होता. तिथे ती थांबली. दोनदा, तीनदा त्यावरून फिरली. आणि मग शहाण्या जनावराला थोपटावं तसं तिच्या तळव्यावर हलकेच थोपटून त्यांनी हातावर पिशवी ठेवली.

ते थोपटणं तिला सहन झालं नाही. सळसळ सोजरबाईंच्या मागे सरकली तशी नीरजा वळली.

तिला एक बाई दिसली, पण पाठमोरी. करडा झगा जमिनीपर्यंत, मानेपर्यंत चढलेला. मानेवर घट्ट बांधलेला, रंग नसलेला अंबाडा. ती बायकांकडे पाठ करून उभी होती आणि तिचे हात तिच्या स्वतःच्या पाठीमागे वळलेले होते. ते सोजरबाईंचे तळवे चाचपत होते. अशीच ती आडव्या पावलांनी ओळभर सरकत आली होती. तिनंही कोणाकडे पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांत कधीच नाही. ते हात कोपरातून जसे वळले होते, तसे हात वळत नाहीत.

मग त्या मानेवरची एक शीर ताणली गेली. मान वळू लागली होती. सावकाश, नीरजाच्या दिशेनं.

नीरजा गरकन भिंतीकडे फिरली. कपाळ चुन्यावर आपटलं आणि तिथेच राहिलं. भिंत गार होती, तेलकट होती. तिथे कपाळ टेकलं की बरं वाटत होतं. इथे डाग का पडले, ते तिला तेव्हा कळलं.

"बाई," शेजारून सोजरबाई हळूच म्हणाल्या. "वळू ना आता?"

"नको," नीरजा म्हणाली.

"काय?"

"नको, सोजरबाई. वळू नका. कोणीच वळू नका."

 ओळीतल्या सगळ्याजणी ऐकत होत्या, हे नीरजाला त्यांच्या श्वासांवरून कळत होतं.

"कोण हाय?"

"विचारू नका. पिशवी घ्या आणि उभ्या राहा. माझं ऐका."

"माझ्या दारात येऊन 'वळा, वळा' कोण करत हुतं?" सोजरबाईंचा आवाज आता हळू नव्हता. "आमाला चीड कशी येत न्हाई म्हणून इचारत हुता. आन् सोताचं बगून झालं तर आमी भिंतीला? तुमीबी त्यांच्यातल्याच की वो."

"सोजरबाई, मी तुमच्या भल्यासाठी..." नीरजाच्या तोंडून निघालं. ते शब्द आप्पासाहेबांच्या आवाजातले असल्यासारखे तिला ऐकू आले. लाजेनं आणि रागानं तिचे डोळे भरले. वळावं, आत्ताच्या आत्ता वळून या बाईच्या शेजारी उभं राहावं, असं तिला जिवाच्या आकांतानं वाटत होतं. कपाळ भिंतीवरून निघत नव्हतं.

शेजारी पिशवी जमिनीवर पडली. गहू फरशीवर पसरल्याचा आवाज झाला. चपला फरशीवर घासल्या. सोजरबाई वळल्या.

नीरजा थांबली. किंकाळी येईल, काहीतरी कोसळेल, म्हणून तिनं डोळे मिटून घेतले. काहीच आलं नाही. फक्त सोजरबाईंनी एकदा श्वास आत घेतला, आणि तो बाहेर सोडायला फार वेळ लावला.

"हितं बगा," त्या म्हणाल्या. हे नीरजाला नव्हतं. "माझं नाव सोजर हाय. हात लई चाचपलंत. आता त्वांड इकडं करा, आन् द्यायचं तर बगून द्या."

ओळीत कुठेतरी बांगड्या वाजल्या. मग आणखी कोणाच्या. चपला फरशीवर घासू लागल्या. एक, आणि पलीकडून दुसरी, आणि अगदी टोकाची. भिंतीकडे तोंड करून आता नीरजा एकटीच उभी होती.

मग तिच्या पाठीमागे ते कडक कापड सळसळायला लागलं. थोडं सळसळायचं, थांबायचं, पुन्हा सळसळायचं. वळायचं कसं ते आठवून आठवून कोणी वळावं, तसं.

"आजून," सोजरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता, पण बारीक झाला नव्हता. "आजून वळा. पुरतं."